नोंदींची साखळी : अभंग आणि सत्य

‘ब्लॉकचेन’ म्हणजे नोंदींच्या गठ्ठ्यांची साखळी. प्रत्येक गठ्ठ्यावर आधीच्या गठ्ठ्याची गणिती मुद्रा असते. जुन्या नोंदीत एक अक्षर बदलले तरी पुढील मुद्रा जुळेनाशा होतात. वहीच्या प्रतीही अनेकांपाशी असल्याने फेरफार लपत नाही.

परंतु नोंद अभंग असणे आणि ती सत्य असणे या भिन्न गोष्टी होत. बनावट ताम्रपट ज्यांनी वाचले आहेत त्यांना हे निराळे सांगावयास नको. बिटकॉइनची वही जानेवारी २००९ पासून मध्यवर्ती पेढीवाचून चालली आहे, कारण तेथे नोंद हेच नाणे; वहीबाहेर पडताळून पाहावयाचे काहीच उरत नाही. मालाची गोष्ट वेगळी. पेटीत काय भरले आहे हे साखळीस दिसत नाही. लिहिणारा जे लिहील तेच ती जपते.

अडचण एवढीच नाही. मेर्स्क व आयबीएम यांनी २०१८ साली सागरी मालवाहतुकीच्या कागदपत्रांसाठी ‘ट्रेडलेन्स’ ही व्यवस्था उभारली. तंत्र चालले, काही प्रतिस्पर्धी जहाज कंपन्याही आल्या. तथापि समग्र व्यवसायाचे सहकार्य लाभले नाही, आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये ती बंद करण्याची घोषणा झाली. आपल्या स्पर्धकाने मांडलेल्या वहीत आपला व्यवहार का नोंदवावा, या शंकेचे उत्तर माझ्या मते कोणत्याही गणिती मुद्रेत नव्हते.