आधी दर्शन, मग देखावे

भाद्रपद शुद्ध चतुर्थीपासून अनंत चतुर्दशीपर्यंत पुण्यनगरीच्या मध्यवर्ती पेठांत जो जनसागर लोटतो, त्यात परगावाहून आलेल्या भाविक कुटुंबांचा भरणा मोठा असतो. मुलेबाळे आणि वृद्ध मातापितरे बरोबर घेऊन ही मंडळी सायंकाळी रस्त्यावर उतरतात, रोषणाई व देखावे पाहत मध्यरात्रीपर्यंत हिंडतात आणि थकल्या पायांनी परततात. आमच्या क्षेत्रीचीही अनेक घरे या यात्रेस जातात. परत आल्यावर आम्ही त्यांस विचारतो, ‘कसब्याच्या गणरायाचे, जोगेश्वरीचे दर्शन घडले ना?’ तेव्हा बहुतेकांचे उत्तर मंडपातील मूर्तीविषयी असते. मंदिरापर्यंत पाऊल पोहोचलेलेच नसते. ही मंदिरे त्याच रस्त्यांच्या आश्रयाने उभी आहेत, याचीही कित्येकांस वार्ता नसते.

‘प्रेक्षणीय’ हा शब्द ‘ईक्ष्’ धातूपासून झाला आणि ‘दर्शन’ हा ‘दृश्’ धातूपासून. दोहोंचा मूळ अर्थ पाहणे हाच. परंतु आपल्या परंपरेने दर्शन या शब्दात अधिक काही साठविले आहे. प्रेक्षणीय वस्तूकडे आपण पाहतो. दर्शनाच्या ठायी देवही आपणांकडे पाहत असतो, अशी भाविकाची श्रद्धा आहे. शिवाय चतुर्थीची मूर्ती पार्थिव असते. तिची प्राणप्रतिष्ठा होते, उत्तरपूजा होते आणि ती जलाशयात विसर्जित होते. मंदिरातील मूर्ती स्थिर असते. उत्सव संपला तरी ती जागच्या जागी नगराचे रक्षण करीत असते. मानाच्या पाच गणपतींची नावे पाहावीत : कसबा, तांबडी जोगेश्वरी, गुरुजी तालीम, तुळशीबाग आणि केसरीवाडा. यांतील तीन नावे मंदिरांशी जोडलेली आहेत. मंडपाने आपला मान मंदिराकडून घेतला आहे, हे यावरून उघड होते.

म्हणून भाविक वाचकांस आमचे सुचविणे असे की, एक सकाळ या स्थिर दैवतांसाठी राखून ठेवावी. प्रारंभ सोमवार पेठेतील त्रिशुंड गणपतीपासून करावा. भीमगीरजी गोसावी यांनी इ. स. १७५४ मध्ये या मंदिराचे काम आरंभिले आणि १७७० मध्ये येथे गणेशमूर्तीची स्थापना झाली. गजानन येथे मयूरावर आरूढ असून त्यास तीन सोंडा आहेत. काळ्या पाषाणातील दर्शनी भिंत शिल्पांनी भरलेली आहे. त्यांत साखळदंडांनी जखडलेला गेंडा व त्यास धरणारे सैनिक असे एक विलक्षण शिल्प आहे. आत संस्कृत शिलालेखांच्या शेजारीच फारसी शिलालेखही कोरलेला आढळतो. तळघरात संस्थापकाची समाधी आहे. दोन अक्षरे वाचता येणाऱ्या मुलास हे लेख अवश्य दाखवावेत. दगडही बोलतो, हे त्यास तेथे कळेल.

नागझरीचा ओढा ओलांडून पश्चिमेस आले की कसबा पेठ लागते. येथील गणपती हे पुण्याचे ग्रामदैवत. शहाजीराजांच्या जहागिरीच्या काळी मातोश्री जिजाबाईंनी हे मंदिर उभारविले, असे परंपरा सांगते. मूर्ती म्हणजे शेंदूरचर्चित स्वयंभू पाषाण. सजावटीची सवय जडलेल्या डोळ्यांस येथे प्रथम काहीच दिसत नाही. क्षणभर स्थिर उभे राहावे, मग दिसू लागते. विसर्जन मिरवणुकीत पहिला मान या दैवताच्या नावाने निघणाऱ्या गणपतीस आहे.

जवळच लाल महाल आहे. इ. स. १६६३ च्या एप्रिलमध्ये शिवछत्रपतींनी शाहिस्तेखानावर छापा घातला, तो येथेच. मूळ वास्तू काळाच्या उदरात गेली. आजची वास्तू विसाव्या शतकाच्या नवव्या दशकात पुणे महानगरपालिकेने बांधली. त्यापुढे शनिवारवाडा. थोरल्या बाजीरावांनी १० जानेवारी १७३० रोजी त्याचा पाया घातला. या वाड्यातील गणेश रंगमहालात पेशव्यांचा गणेशोत्सव थाटाने होत असे. १८२८ च्या अग्निप्रलयात आतील महाल भस्मसात झाले. तट, बुरूज, दरवाजे आणि जोती तेवढी उरली. वाड्यातील स्त्रिया कसबा गणपतीच्या दर्शनास ज्या दरवाजाने जात, असे सांगतात, तो गणेश दरवाजा मात्र अद्याप उभा आहे. महाल गेला, दर्शनाची वाट राहिली. ऐश्वर्य आणि भक्ती यांतील टिकाऊ कोणते, हे याहून स्पष्ट कोणता कीर्तनकार सांगणार?

तेथून दक्षिणेस बुधवार पेठेत तांबडी जोगेश्वरी, ही नगराची ग्रामदेवी. पुढे लक्ष्मी रस्त्यावर नाना फडणविसांनी उभारलेला बेलबाग. दुकानांच्या रांगेआड येथे श्रीविष्णूचे मंदिर आहे. बेलबाग चौकातून विसर्जनाची मिरवणूक पाहणारे सहस्रावधी असतात. त्यांपैकी कितीजण आत वळतात?

अगदी समीप तुळशीबाग. पूर्वी येथे खरोखरच तुळशीची बाग होती. नारो आप्पाजी खिरे, जे पुढे तुळशीबागवाले म्हणून ख्यात झाले, त्यांनी १७६१ मध्ये राममंदिराचे काम सुरू केले. भांडीकुंडी, बांगड्या, भातुकलीचे खेळ यांच्या बाजारातून वाट काढीत आत शिरावे. बाजाराचा कलकल मागे पडतो आणि उंच शिखराखाली राम, लक्ष्मण, सीता यांचे शांत दर्शन होते. खरेदीसाठी येणाऱ्या मायबहिणींनी पिशवी खांद्याला अडकवून दोन क्षण या सभामंडपात टेकावे. घरासाठी घेतलेल्या नव्या भांड्यात पहिला नैवेद्य कोणाचा, याचे स्मरण तेथे आपोआप होईल.

शेवटी थोडे पुढे विश्रामबागवाडा. हे मंदिर नव्हे, तरी विद्येचे स्थान म्हणून आम्हांस ते वंद्य आहे. दुसऱ्या बाजीरावाच्या या वाड्यात, पेशवाईतील दक्षिणेच्या निधीतून १८२१ मध्ये संस्कृत पाठशाळा सुरू झाली. तिच्याच परंपरेतून पुढे डेक्कन कॉलेज उदयास आले, आणि त्या संस्थेत १९४८ पासून संस्कृत शब्दांच्या महाकोशाचे कार्य चालू आहे. गणपती ही विद्येची देवता. तेव्हा यात्रेचा शेवट विद्येच्या उंबरठ्यावर व्हावा, हे उचितच होय.

ही सारी स्थाने पायी फिरून एका सकाळीत होतात. प्रातःकाळी लवकर निघावे, म्हणजे गर्दी नसते आणि वृद्धांस क्लेश होत नाहीत. सप्टेंबर २०२४ पासून भुयारी मेट्रो सुरू झाली असून कसबा पेठ व मंडई ही स्थानके या परिसरातच आहेत.

देखावे पाहूच नयेत, असे आमचे म्हणणे नाही. नारदीय कीर्तनात आधी पूर्वरंग असतो, त्यात तत्त्वनिरूपण होते; मग उत्तररंगात आख्यान रंगते. पूर्वरंग चुकवून नेमके आख्यानालाच येणाऱ्यांची करमणूक होते, पण कथा कशासाठी सांगितली हे त्यांच्या पदरी पडत नाही. सकाळची मंदिरे हा पूर्वरंग, रात्रीचे देखावे हा उत्तररंग. ज्या घरातील आजोबांनी नातवास कसब्याचा शेंदरी पाषाण दाखविला, त्या घरी दहा दिवसांनंतरही गणपती नांदत राहील. आणि ज्या मंदिरी अशी घरे येत राहतील, ते मंदिर केवळ प्रेक्षणीय स्थळ होऊन उरणार नाही. मंगलमूर्ती सर्व कुटुंबांस तशी बुद्धी देवो. इत्यलम्.