रंग नवा, तरी पत्रा पुन्हा का फुगतो? गाडीसाठी गंजरोधक प्रायमर निवडताना...

दिवाळीत रंगवलेल्या गाडीच्या दाराची खालची कड पुढच्याच पावसाळ्यात फुगते. मुंबईपासून सिंधुदुर्गापर्यंत किनारपट्टीवरच्या गॅरेजमध्ये ही तक्रार नवी नाही. दोष रंगाला दिला जातो, पण बहुतेक वेळा चूक त्याखालच्या थरात असते.

कारखान्यात गाडीची संपूर्ण बॉडी प्रायमरच्या टाकीत बुडवून विजेच्या साहाय्याने जेमतेम 20 मायक्रॉनचा थर चढवला जातो. तो सांध्यांमध्येही पोहोचतो. गॅरेजमध्ये घासताना तो निघाला की स्प्रेगनने जसाच्या तसा परत आणता येत नाही. त्यामुळे गंज पूर्ण काढावा, पण चांगला भाग उगाच उघडा करू नये.

उघड्या पत्र्यासाठी सर्वात भरवशाचा पर्याय म्हणजे दोन डब्यांचा इपॉक्सी प्रायमर. त्यात हार्डनर मिसळावा लागतो. तो पत्र्याला घट्ट धरतो आणि ओलावा सहजी आत जाऊ देत नाही. प्रमाण अंदाजाने नव्हे, डब्यावर लिहिल्याप्रमाणेच घ्यावे.

गेट-ग्रिलला लावतात तो साधा रेड ऑक्साइड स्वस्त पडतो. मात्र गाडीच्या रंगातील तीव्र थिनरमुळे तो सुरकुतू शकतो. गाडीसाठी तो टाळलेलाच बरा. झिंक प्रायमर वेल्डिंगच्या सांध्यांवर उपयोगी, कारण जस्त स्वतः आधी झिजते आणि लोखंड वाचवते. अ‍ॅल्युमिनियमवर पकड मिळावी म्हणून आम्लयुक्त एच प्रायमर वापरतात. त्यावर थेट इपॉक्सी मारू नये, असेच बहुतेक उत्पादक सांगतात.

खरी गफलत होते ती सरफेसरमध्ये. राखाडी रंगाचा हा थर ओरखडे भरतो, छान घासला जातो, म्हणून घाईत तोच उघड्या पत्र्यावर मारला जातो. पण तो पाणी अडवण्यासाठी बनलेला नाही. पुट्टीही ओलावा शोषते. आधी इपॉक्सी, त्यावर पुट्टी, मग सरफेसर आणि शेवटी रंग, हा क्रम सुरक्षित. गाडी टाकतानाच तो ठरवून घ्यावा आणि प्रायमरच्या टप्प्यावर फोटो मागवावा.

रस्ट कन्व्हर्टर बारीक खड्ड्यांतल्या उरलेल्या गंजापुरता ठीक. पत्र्याला भोक पडले असेल, तर तेवढा भाग कापून नवा पत्रा वेल्ड करण्याला पर्याय नाही.

पावसाळी हवेत घासलेला पत्रा काही तासांत लालसर होऊ लागतो. त्यामुळे घासणे, तेलकटपणा पुसणे आणि प्रायमर मारणे एकाच दिवशी व्हायला हवे. पुसलेल्या भागाला उघडा हात लावू नये. रंगाऱ्यासाठी तोंडाला बांधलेला रुमाल पुरेसा नाही. अनेक पीयू हार्डनरमधील आयसोसायनेट श्वसनमार्गाला घातक असते.

दाराच्या तळाशी पाणी जाण्यासाठी असलेली छिद्रे चिखलाने बुजली असतील, तर गंज आतून येतो. तो बाहेरचा कोणताच प्रायमर रोखू शकत नाही. रंगाचे पैसे देण्याआधी ती छिद्रे साफ केली आहेत का, हे वाकून पाहावे.