डोंगर गावाचा, सल्ला जाणत्याचा

मागच्या बैठकीत एका मावशीनं विचारलं, “जंगल आमी जन्मापासून पाह्यतो, मंग सल्लागार कायले पाह्यजे?” प्रश्न बरोबर आहे. त्यासाठी पायविहीरची गोष्ट सांगते.

पायविहीर हे अचलपूर तालुक्यातलं, मेळघाटच्या पायथ्याचं गाव. डोंगर उघडाबोडका झालेला. २०१२ मध्ये वनहक्क कायद्याखाली गावाला सुमारे १९३ हेक्टर जंगलाचा सामूहिक हक्क मिळाला. पण कागद हाती आला म्हणून डोंगर हिरवा होत नाही. दाव्यापासून नियोजनापर्यंत ‘खोज’ ही संस्था सोबत राहिली. रोजगार हमीतून कामं झाली, राखण गावानं केली. डोंगरातलं सीताफळ गावानं मिळून थेट मुंबईत विकलं. २०१४ मध्ये गावाला भारत जैवविविधता पुरस्कार मिळाला.

आता सल्लागाराचं काम पहा. आपल्या जंगलात रायमुनिया माजते, तिलाच घाणेरी म्हणतात. तिच्याखाली गवत येत नाही, मग गुरं उपाशी. आपण काय करतो? वरून कापतो. ती दुप्पट जोमानं फुटते! जाणता माणूस सांगतो, मातीच्या जरा खाली, खोड-मूळ जिथं जुळतं तिथं तोडा आणि झुडूप उलटं टाका. तेही फळं पिकायच्या आधी, कारण पाखरं बी खाऊन लांब नेऊन टाकतात. मोकळ्या जागी लगेच गावचं गवत पेरा, नाहीतर रायमुनियाच परत येते.

हे त्याचं ज्ञान. पण तरोटा, कुरडू कुठं उगवते, कोणत्या नाल्याला चैतापर्यंत पाणी असते, मोह कोणत्या साली कमी पडला, हे तुम्हालाच ठाऊक. ते त्याला विचारावंच लागतं. जैवविविधता कायद्यानं (२००२) गावाची लोकजैवविविधता नोंदवही करायची असते, त्यात हीच माहिती जाते. पुष्कळ ठिकाणी ती वही बाहेरचा माणूस दोन दिवसांत भरून नेतो, आणि बायांना कोणी विचारतही नाही. मला याचा राग येतो.

सल्ला कोणाचाही असो, ठराव ग्रामसभेचाच. वनहक्काच्या ग्रामसभेला निम्मे सभासद हजर लागतात आणि हजर असलेल्यांत एक तृतीयांश बाया लागतात. म्हणून नुसती सही करायला जाऊ नका. नोंदवही वाचून दाखवायला सांगा. तुमच्या नाल्याचं नाव त्यात नसेल, तर तिथंच लिहून घ्यायला लावा.