एकटीचं तिकीट

लालबागच्या चाळीत संसार केलेल्या बाईला एकटं असणं म्हणजे काय, हे कळायला फार उशीर होतो. दहा बाय बाराची खोली, समाईक गॅलरी, दार दिवसभर उघडं. त्यामुळे एक्कावन्नाव्या वर्षी मी एकटीच काशीला निघाले, तेव्हा गॅलरीतून एकच प्रश्न आला, "घरात काही झालं का हो, वहिनी?"

काही झालं नव्हतं. धर्मानंद कोसंबींचं 'निवेदन' हे आत्मकथन वाचलं होतं, इतकंच.

कोसंबी गोव्यातल्या साखवाळचे, जन्म १८७६चा. शिक्षण बेताचं, लग्न लहानपणीच झालेलं. 'बालबोध' मासिकात त्यांनी बुद्धाचं चरित्र वाचलं आणि ते मनातून जाईना. १८९९मध्ये त्यांनी घर सोडलं. पुण्याला डॉ. भांडारकरांना भेटले, संस्कृत शिकायला काशीला गेले, तिथे अन्नछत्रात जेवून दिवस काढले. बौद्ध धर्म पाहायला मोठ्या आशेनं नेपाळात गेले, तर तिथली अवस्था पाहून निराशाच पदरी आली. सोबत चारजण असते तर बहुधा तिथूनच सगळे घरी परतले असते! हे एकटे होते. बुद्धगया, कलकत्ता करत १९०२मध्ये सिलोनला, म्हणजे आजच्या श्रीलंकेला पोचले आणि पाली शिकू लागले. तिथून ब्रह्मदेश. पुढे हाच माणूस हार्वर्ड विद्यापीठात पाली ग्रंथाच्या संपादनासाठी गेला आणि पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात पाली शिकवू लागला.

वाचताना मला एक गोष्ट जाणवली. या प्रवासात त्यांना सतत कुणाला तरी विचारावं लागलं. राहू का, जेवू का, शिकवाल का? ओळखीचं कुणी नसलं की माणसाला तोंड उघडावंच लागतं.

काशीत माझंही तेच झालं. खानावळीत पोऱ्यानं विचारलं, "कितने लोग?" मी म्हटलं, "एक." मग काय आणू, म्हणाला. तीस वर्षं ह्यांना आणि मुलांना काय आवडतं तेच रांधलं. मला काय हवंय, हे आठवायलाच वेळ लागला. सारनाथ तिथून दहा-एक किलोमीटर. जाताना भलत्याच ठिकाणी उतरले. मोडक्या हिंदीत सात जणांना विचारत पोचले. त्या दिवशी रडूही आलं, ते लपवत नाही.

मात्र एक गोष्ट टोचत राहिली. कोसंबी निघाले तेव्हा मागे पत्नी बाळाबाई होत्या आणि तान्ही मुलगी. त्यांची ती वर्षं कशी गेली असतील? माझा आठवड्याचा डबा सुनेनं सांभाळला, म्हणून मी जाऊ शकले. एकट्यानं जाणाऱ्याच्या मागे कुणीतरी घर धरून बसलेलं असतं. कोसंबींबद्दल आदर ठेवूनही मला हे म्हणावंसं वाटतं.

परत आल्यावर मी काही निराळी झाले नाही. पण महिन्याभरानं चाळीच्या पुनर्विकासाची सभा होती. अशा सभेत आम्ही बायका मागे बसून चहा देणार, हे ठरलेलं. त्या दिवशी मी उभी राहिले आणि विचारलं, "इमारत होईपर्यंतचं भाडं करारात लिहिलंय, की नुसतं तोंडी आहे?" करारात नव्हतं. सभा पुढे ढकलावी लागली. सात अनोळखी माणसांना रस्ता विचारल्यावर ओळखीच्यांना भाडं विचारायला कसली लाज?

कोसंबींचा प्रवास पुढे कुठे आला, ठाऊक आहे? आमच्या शेजारी, परळला. १९३७च्या सुमारास त्यांनी तिथल्या गिरणी कामगारांच्या वस्तीत 'बहुजन विहार' उभा केला. माझ्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर, आणि मला ते कळलं काशीहून आल्यावर.

ह्यांना म्हटलंय, आता पुढचं तिकीट तुमचं, एकट्याचं. वेळापत्रक आणून ठेवलंय. अजून उघडलेलं नाही.