वळण, त्रिज्या आणि उतार : हिरवळ कापणीच्या दोन यंत्रांची निवड

चालकाने वर बसून चालवावयाची, हिरवळ कापणारी यंत्रे मुख्यतः दोन प्रकारची असतात. पहिल्या प्रकारात पुढची चाके स्टिअरिंगने वळवितात आणि एंजिनाची गती मागच्या चाकांना मिळते. त्याची घडण लहान ट्रॅक्टरासारखी असते. दुसऱ्या प्रकारास इंग्रजी व्यापारी परिभाषेत ‘झीरो-टर्न’ असे नाव आहे. मैदान राखणाऱ्या शाळा, महाविद्यालये, नगरपालिका व विश्रामगृहे यांच्यापुढे या दोहोंतून निवड करण्याचा प्रश्न येतो. वरवर पाहता हा प्रश्न केवळ यंत्रशास्त्राचा आहे. परंतु निवड चुकण्याचा संभव यंत्राइतकाच त्याच्या नावातही असल्यामुळे भाषेच्या अभ्यासकानेही त्यात लक्ष घालणे अप्रस्तुत ठरणार नाही.

या विचारास नंदुरबार जिल्हा विशेष सोयीचा आहे. धुळे जिल्ह्याचे विभाजन होऊन १ जुलै १९९८ रोजी अस्तित्वात आलेल्या या जिल्ह्यात तापीकाठची सपाट काळी जमीन आणि अक्राणी-अक्कलकुवा भागातील सातपुड्याचे उतार ही दोन्ही भूरूपे जवळजवळ नांदतात. एकाच यंत्राचा गुण शहाद्याच्या सपाटीवर जसा दिसून येईल, तसाच त्याचा दोष तोरणमाळच्या चढणीवर दिसून येईल.

तथापि त्याआधी एक प्रश्न विचारावयास हवा. कापावयाचे आहे ते गवत की हिरवळ? मराठीत हे दोन शब्द पर्यायी नाहीत. गवत कापून घरी आणावयाचे असते, त्याचा चारा होतो. हिरवळ कापावयाची ती केवळ जमिनीवरील तिचे रूप नीट राहावे म्हणून. वर बसून चालवावयाच्या दोन्ही यंत्रांची पाती आडवी व अतिवेगाने फिरतात आणि पात्याचा बारीक चुरा करून टाकतात. हा चुरा ढिगात लवकर तापतो व आंबतो. घोड्यांना तर तो पोटशूळ उत्पन्न करणारा म्हणून वर्ज्य मानतात. दत्तजयंतीला जेथे घोड्यांचा मोठा बाजार भरतो, त्या सारंगखेड्याच्या परिसरात ही गोष्ट विसरून चालणार नाही. चारा हवा असेल तेथे विळा किंवा चारा कापणीची वेगळी यंत्रे हीच साधने योग्य होत.

आता नावाकडे वळू. ‘झीरो-टर्न’ हा संक्षेप आहे. मूळ कल्पना ‘वळणाच्या वर्तुळाची त्रिज्या शून्य’ अशी आहे. संक्षेपात त्रिज्या हा शब्द गळाला, आणि शून्याचे विशेषण त्रिज्येऐवजी वळणालाच चिकटले. याचे ‘शून्यवळण’ असे शब्दशः भाषांतर केल्यास अडचण अधिक वाढते. ‘अर्थशून्य’, ‘विचारशून्य’ यांत शून्य हे उत्तरपद अभाव दाखविते. ‘शून्यमनस्क’ यात ते पूर्वपद असूनही रिक्ततेचाच बोध होतो. त्यामुळे ‘शून्यवळण यंत्र’ हे शब्द ऐकणारा मराठी मनुष्य ‘न वळणारे यंत्र’ असा अर्थ घेईल, म्हणजे वस्तुस्थितीच्या अगदी उलट. शिवाय त्रिज्येचा उल्लेख नसल्याने हे यंत्र कसेही व कोठेही लीलया वळते, असा दुसरा भ्रमही निर्माण होतो. पहिला भ्रम हास्यास्पद, दुसरा धोक्याचा.

यंत्राची रचना समजावून घेण्यास मळणीचे खळे उपयोगी पडते. मधल्या तिवड्याभोवती बैलांची पात फिरते तेव्हा तिवड्याजवळचा बैल संथ चालतो आणि कडेच्या बैलाला अधिक अंतर तोडावे लागते. वळताना आतल्या व बाहेरच्या चाकांचेही असेच होते. स्टिअरिंगच्या यंत्रात चालक पुढच्या चाकांची दिशा बदलतो, आणि मागच्या आसातील दातेरी चक्रांची योजना दोन चाकांना कमीअधिक वेगाने फिरू देते. म्हणजे तिवडा यंत्राच्या बाहेर, काही अंतरावर राहतो. झीरो-टर्नमध्ये मागच्या प्रत्येक चाकाला तेलाच्या दाबावर चालणारी स्वतंत्र गती दिलेली असते व ती बहुधा दोन दांड्यांनी नियंत्रित होते. एक चाक पुढे व दुसरे तितक्याच वेगाने मागे फिरविले, की तिवडा दोन्ही चाकांच्या बरोबर मध्ये येतो आणि यंत्र जागच्या जागी फिरते. पुढची चाके केवळ भार वाहतात. खुर्चीच्या फिरत्या चाकांप्रमाणे ती जिकडे ओढ असेल तिकडे वळतात. इंग्लंडमध्ये एडविन बडिंग यांनी १८३० मध्ये हिरवळ कापणीचे यंत्र तयार केले. जागी फिरणारी यंत्रे मात्र अमेरिकेत विसाव्या शतकाच्या मध्यानंतर पुढे आली.

या रचनेचा लाभ किती, हे साध्या हिशेबाने पाहता येते. समजा, ५,००० चौरस मीटरांचे मैदान आहे, कापणीची रुंदी एक मीटर आहे आणि वेग ताशी सहा किलोमीटर आहे. प्रत्यक्ष कापणीस पन्नास मिनिटे लागतील. मैदान १०० मीटर लांब व ५० मीटर रुंद असेल तर लांबीच्या दिशेने पन्नास पट्टे पडतात व ४९ वेळा वळावे लागते. प्रत्येक वळणात पाच सेकंद वाचले असे धरले, तरी एकूण बचत चार मिनिटांच्या आसपास होते. परंतु तेवढेच क्षेत्र झाडे, वाफे व पायवाटा यांनी तुटून २५ मीटरांच्या दोनशे पट्ट्यांत विभागले असेल तर सुमारे दोनशे वळणे होतात आणि बचत सोळा-सतरा मिनिटांवर जाते. तात्पर्य, झीरो-टर्नचा लाभ क्षेत्रफळावर अवलंबून नसून वळणांच्या संख्येवर अवलंबून आहे. मोकळ्या क्रीडांगणासाठी त्याची अधिक किंमत मोजण्यात अर्थ थोडा. झाडांनी भरलेल्या सपाट आवारासाठी मात्र ती सार्थकी लागते. लहान गाडा ओढणे, फवारणीची टाकी नेणे अशी जोडकामे करावयाची असतील तर स्टिअरिंगचे यंत्र अधिक उपयुक्त ठरते.

उतारावर हे गणित पालटते. स्टिअरिंगच्या यंत्राची मागची चाके घसरली तरी पुढची चाके दिशा काही प्रमाणात सांभाळू शकतात. झीरो-टर्नमध्ये गती व दिशा या दोन्ही गोष्टी मागच्या चाकांच्या पकडीवर अवलंबून असल्याने पकड सुटताच दोन्ही एकदम जातात, आणि पुढची मोकळी चाके उताराकडे वळतात. वर बसून चालवावयाच्या यंत्रांच्या सूचनापत्रांत सामान्यतः १५ अंशांची मर्यादा सांगितलेली असते. म्हणजे शंभर मीटरांच्या आडव्या अंतरात सुमारे २७ मीटरांचा चढ. काही यंत्रांसाठी ती याहूनही कमी असते. ही मर्यादा कोरड्या जमिनीवर समजावी. नंदुरबारात हिरवळ वाढते ती पावसाळ्यात, आणि नेमके तेव्हाच गवत ओले व काळी माती निसरडी असते. म्हणून तलावाच्या काठाकडे किंवा दरीच्या धारेकडे उतरत जाणाऱ्या जागी झीरो-टर्न नेऊ नये. अशा कडांना हाताने ढकलावयाचे यंत्र किंवा विळाच बरा. झीरो-टर्नला उलटण्यापासून रक्षण करणारी कमान असेल तर ती उभी ठेवून पट्टा बांधणे आवश्यक होय. पट्ट्याविना कमान निरुपयोगी ठरते.

येथे नावाचा आणखी एक विपर्यास ध्यानात येतो. एक चाक स्थिर ठेवून यंत्र गर्रकन फिरविल्यास त्या चाकाखालची हिरवळ मुळासकट सोलली जाते. म्हणून कुशल चालक पुष्कळदा थोडे मागे, थोडे पुढे घेऊन वळतो. म्हणजे ज्या गुणावरून यंत्राला नाव मिळाले, तो गुण कोवळ्या हिरवळीवर जपूनच वापरावा लागतो.

मग मराठीत नाव कोणते असावे? शेतकऱ्यांनी रूढ केलेला ‘पलटी नांगर’ हा शब्द येथे मार्गदर्शक आहे. या नांगराचे फाळ तासाच्या टोकाला उलटे करता येतात व ट्रॅक्टर शेजारच्याच तासाने परत येतो. पलटतो तो नांगर, ट्रॅक्टर नव्हे, आणि नावही नेमके तेवढेच सांगते. याच धर्तीवर एकास ‘जागी फिरणारे यंत्र’ व दुसऱ्यास ‘कमानीने वळणारे यंत्र’ म्हणता येईल. ‘दांड्यांचे यंत्र’ हे नाव सुटसुटीत खरे, पण काही झीरो-टर्न यंत्रांना स्टिअरिंगही असते, म्हणून ते अव्याप्त ठरते.

महाराष्ट्र शासनाच्या भाषा संचालनालयाची स्थापना १९६० साली झाल्यापासून पारिभाषिक शब्दांचा विचार बहुधा कार्यालय व ग्रंथ यांच्या दृष्टीने झाला. यंत्र चालविणाऱ्याची दृष्टी निराळी असते. या जिल्ह्यात त्याची घरची बोली भिली, पावरी, अहिराणी किंवा गुजरी असण्याचा संभव मोठा आहे. अहिराणीला ग्रियर्सन यांनी आपल्या भाषिक सर्वेक्षणात ‘खानदेशी’ या नावाने भिली बोलींच्या खंडात स्थान दिले, ते १९०७ साली. यंत्रावर चिकटविलेली इंग्रजी सूचना, किंवा तिचे संस्कृतप्रचुर मराठी भाषांतर, अशा चालकाला उताराचा धोका सांगू शकत नाही. ‘ओल्या उतारावर नेऊ नका’ हे चार शब्द त्याच्या बोलीत उतरविणे हे परिभाषेचेच काम आहे. किंबहुना परिभाषेची खरी कसोटी तेथेच लागते.

सारांश, जमीन सपाट व वळणे पुष्कळ असतील तर जागी फिरणारे यंत्र घ्यावे. मैदान मोकळे असेल, सौम्य उतार असेल किंवा जोडकामे असतील तर कमानीने वळणारे घ्यावे. उतार मर्यादेबाहेरचा असेल तर दोन्ही दूर ठेवावीत. नाव या तीन गोष्टींपैकी एकही सांगत नाही. त्या जमिनीवर चालून पाहूनच ठरवावयाच्या असतात.