राहुकाल, गुलिक व यमगंड : गणिताचा विचार

राहुकाल, गुलिक व यमगंड हे पंचांगातील तिन्ही वर्ज्य काळ दिनमानाच्या, म्हणजे सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंतच्या काळाच्या, अष्टमांशाएवढे असतात. पहिला अष्टमांश त्या दिवसाच्या वारेशाला व पुढचे सहा वारक्रमाने इतर ग्रहांना द्यावयाचे. आठव्याला स्वामी नाही. यांतील शनीचा भाग तो गुलिक, गुरूचा तो यमगंड. म्हणूनच रविवारी सातवा असलेला गुलिक प्रतिदिनी एकेक भाग अलीकडे सरकत शनिवारी पहिला होतो. राहूला मात्र स्वतःचा वार नाही. त्याचे भाग (रविवारपासून अनुक्रमे 8, 2, 7, 5, 6, 4, 3) या नियमात बसत नाहीत. ते पाठच करावे लागतात.

कित्येक दिनदर्शिकांत सोमवारचा राहुकाल बारमहा 7.30 ते 9 असा छापलेला आढळतो. सूर्योदय 6 वाजता व दिनमान 12 तासांचे मानल्यासच हे खरे. पुण्यास 22 डिसेंबरच्या सुमारास सूर्योदय 7 वाजण्याच्या बेतास होतो, दिनमान सुमारे 11 तासांचे व अष्टमांश साडेब्याऐंशी मिनिटांचा असतो. त्या दिवसांत सोमवारचा राहुकाल साधारणतः 8.25 ते 9.45 असा येतो. छापील कोष्टकावर विसंबून 9 वाजता कार्यारंभ करणारा श्रद्धाळू शास्त्राच्याच हिशेबाने ऐन राहुकालात सापडतो.