कर्करोगग्रस्त मुले आणि व्यायाम : उपचाराचे एक दुर्लक्षित अंग

दरवर्षी १५ फेब्रुवारी हा आंतरराष्ट्रीय बालकर्करोग दिन म्हणून पाळण्यात येतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दर वर्षी सुमारे ४ लाख मुले व किशोरवयीन या रोगाला बळी पडतात. संपन्न देशांत त्यांपैकी ८० टक्क्यांहून अधिक मुले बरी होतात. अनेक गरीब देशांत हे प्रमाण ३० टक्क्यांच्याही खाली आहे. २०३० सालापर्यंत जगभर किमान ६० टक्के मुले वाचावीत, असे उद्दिष्ट संघटनेने २०१८ मध्ये जाहीर केले. प्राण वाचविण्याच्या या प्रयत्नाबरोबरच आता आणखी एक प्रश्न विचारला जात आहे : रोगातून वाचलेले मूल पुन्हा धावू शकेल काय?

मूल आजारी पडले की 'पडून राहा, दमशील' हे शब्द आईवडिलांच्या तोंडी सहज येतात. त्यामागे मायाच असते. परंतु दीर्घ उपचारांत अशी विश्रांती मुलाला आणखी दुबळे करते. मुलांमध्ये सर्वाधिक आढळणारा कर्करोग म्हणजे रक्ताचा तीव्र लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया. त्याचे उपचार दोन ते तीन वर्षे चालतात. त्यांतील व्हिन्क्रिस्टीन या औषधाने पायांच्या नसा कमकुवत होतात, पाऊल नीट उचलत नाही आणि मूल अडखळते. स्टेरॉइडमुळे स्नायू क्षीण होतात व हाडांची बळकटी कमी होते. डॉक्सोरुबिसिनसारख्या औषधांचा हृदयावरील दुष्परिणाम तर कधी कधी अनेक वर्षांनी प्रकट होतो. त्यात न वापरलेला स्नायू झिजतो, हा निसर्गनियम आहेच.

म्हणूनच कॅनडातील कॅल्गरी विद्यापीठाच्या पुढाकाराने विविध देशांतील तज्ज्ञांनी २०२१ साली मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. योग्य दक्षता घेतल्यास या मुलांसाठी हालचाल सुरक्षित व हितकारक आहे, असा त्यांचा निष्कर्ष आहे. व्यायामाने कर्करोग बरा होतो, असा दावा मात्र कोणी करीत नाही. शक्ती टिकावी, थकवा कमी व्हावा आणि मन प्रसन्न राहावे, एवढीच अपेक्षा आहे.

डेन्मार्कची राजधानी कोपनहेगन येथे २०१३ साली सुरू झालेला उपक्रम विशेष बोलका आहे. तेथे आजारी मुलाच्या वर्गातील दोन निरोगी मित्रांना 'राजदूत' म्हणून निवडले जाते. ते आळीपाळीने रुग्णालयात येतात, मित्रासोबत अभ्यास करतात, खेळतात व व्यायामही करतात. मुलाचे शरीर हलते आणि त्याचा एकटेपणाही सरतो.

हा व्यायाम म्हणजे कसरत नव्हे. पलंगावर बसून चेंडू झेलणे, टाचा-चवडे उचलणे, वॉर्डात फेऱ्या मारणे, जिना चढणे, संगीतावर नाचणे, एवढ्यानेही प्रारंभ होतो. ताप असताना विश्रांतीच घ्यावी. रक्तातील प्लेटलेट कमी असतील तर उड्या व धक्काबुक्कीचे खेळ टाळावेत. हाडांत गाठ असेल तर त्या अवयवावर भार देऊ नये. कोणता व्यायाम, किती व केव्हा, हे डॉक्टर आणि फिजिओथेरपिस्ट यांनीच ठरवावे.

आपल्याकडे १९४१ साली सुरू झालेल्या परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात देशभरातून मुले येतात. बाहेरगावच्या कुटुंबांना उपचारकाळात मोफत निवारा देणारी संत यूदाच्या नावाची केंद्रेही २००६ पासून मुंबईत कार्यरत आहेत. परंतु उपचारांचा बराचसा काळ मूल घरी असते, आणि तेथे त्याला खेळायला सोबती लागतात. येथे आपल्या धर्मग्रामांना करण्याजोगे पुष्कळ आहे. डॉक्टरांची अनुमती असेल तेव्हा धर्मशिक्षण वर्गातील एक-दोन मुलांनी, सर्दी-खोकला नसल्याची खात्री करून, हात धुऊन, अशा मित्राकडे जावे व अंगणात त्याच्याबरोबर चालावे. 'बिचारा' म्हणून दुरून पाहण्यापेक्षा हे कितीतरी मोलाचे ठरेल. पालकांनीही पुढच्या तपासणीच्या वेळी डॉक्टरांना आवर्जून विचारावे, 'माझ्या मुलाने कोणता व्यायाम करावा?'

संत मार्काच्या शुभवर्तमानातील याईराची बारा वर्षांची मुलगी आपण जाणतो. प्रभू येशूने हात धरून उठविताच ती चालू लागली. आणि तिला खावयास द्यावे, असे प्रभूने घरच्यांना सांगितले. प्रार्थनेबरोबर अन्न आणि चालणारी पावले यांचीही काळजी घेणे, हे आपल्याही श्रद्धेचे कार्य आहे.